ग्राफिक्स कार्ड ठरवण्याआधी कॅबिनेट उघडून पाहा

बजेट मर्यादित असेल तर निवडीची सुरुवात कार्डापासून करू नका. तुमचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड, कॅबिनेट आणि प्रोसेसर यांना जे कार्ड झेपेल, त्यातलेच चांगले घ्यायचे. आधी कार्ड घेतले आणि मग एसएमपीएस बदलावा लागला, की स्वस्तातले कार्ड स्वस्त राहत नाही.

मुळात कार्डच कमी पडते आहे का?

नेहमीचा गेम लावा, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा आणि दर सेकंदाच्या फ्रेमचा (चित्रांचा) आकडा टिपून ठेवा. आता बाकी सेटिंग तशीच ठेवून रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. आकडा बराच वाढला तर कार्ड कमी पडते आहे. जागचा हलला नाही तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. नवे कार्ड लावूनही फ्रेम फारशा वाढणार नाहीत. रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातील. कार्डाच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो.

वीज

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढची वीज एसएमपीएसच्या वेगळ्या केबलमधून यावी लागते: ६ पिनांतून ७५ वॅट, ८ पिनांतून १५० वॅट. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी मॉडेल ७० वॅटचे आहे, त्यामुळे ते सहसा स्लॉटवरच चालते. आरटीएक्स ४०६० ला ११५ आणि एएमडीच्या आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, म्हणजे ८ पिनांची केबल हवीच. इंटेलचे आर्क बी५८० तर १९० वॅटचे.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या वॅटवर विसंबू नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. '५०० वॅट' लिहिलेल्या डब्यावर १८ अँपिअर दिसले, तर कार्ड आणि प्रोसेसर मिळून हाती फक्त २१६ वॅट आहेत. साटा केबलवरून (हार्ड डिस्कला वीज देणारी) ६ किंवा ८ पिन करणारे अडॅप्टर आम्ही लावत नाही. साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे. त्यावर ७५ वॅट ओढले की प्लास्टिक वितळू शकते. प्रोसेसरची ४+४ पिनांची केबल आणि कार्डाची ६+२ पिनांची केबल दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची जोडणी उलटी असते. जोर लावून बसवू नका.

कंपनीने जुळवलेल्या अरुंद डेस्कटॉपमध्ये ६ पिनांची केबल बहुधा नसतेच. तिथे ३०५० ६ जीबीचे लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) मॉडेल हाच समंजस पर्याय.

लेन आणि मेमरी

आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डे फक्त ४ लेन (कार्ड आणि मदरबोर्डमधले डेटाचे मार्ग) वापरतात. पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाच्या स्लॉटची पद्धत) ४.० च्या बोर्डावर ते कसेबसे निभते. ३.० च्या बोर्डावर (बी४५० किंवा इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे) हा रस्ता निम्मा होतो. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की गेम त्याच चिंचोळ्या रस्त्याने रॅमकडे धावतो आणि चित्र अडखळते. जुन्या बोर्डासाठी ही दोन्ही कार्डे नकोत. ६६०० आणि ४०६० ला ८ लेन आहेत, तिथे ३.० चा फटका सहसा जाणवत नाही.

आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच, तो नसेल तर वेग फार पडतो. त्यासाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय, बंद करावे लागते, आणि विंडोजची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर मशीन सुरूच होत नाही. म्हणून आधी बॅकअप, मग डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीत बदलणे, आणि त्यानंतरच सीएसएमला हात लावणे.

आज फुल एचडीसाठी ८ जीबीच्या खाली जाऊ नका. स्लॉटवरच्याच विजेची सक्ती असेल तेवढाच अपवाद. नाव पूर्ण वाचा. ३०५० ६ जीबी म्हणजे ८ जीबीच्या कार्डातून फक्त २ जीबी कमी केलेले नव्हे: कोअर २५६० ऐवजी २३०४, मेमरी बस १२८ ऐवजी ९६ बिट.

वापरलेले कार्ड

कार्ड पाहताना जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर) चालवाच. 'आरएक्स ५८०' म्हणून विकले जाणारे २०४८एसपी मॉडेल कोअरच्या हिशेबाने ५७० च आहे; खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. जीटीएक्स १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत. शिवाय रे-ट्रेसिंगचे (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचे) हार्डवेअर नसेल तर काही नवे गेम सुरूच होत नाहीत, त्यामुळे जीटीएक्स १६ मालिकाही विचार करूनच घ्या. अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहा. चित्रात ठिपके-रेघा आल्या किंवा पंखा खरखरला, तर सौदा सोडून द्या.

बसवताना

कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतची लांबी मोजा आणि कार्ड दोन स्लॉटचे की अडीच, तेही पाहा. जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण पुसणारे सॉफ्टवेअर) काढा, वीज बंद करून वायर उपसा, कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्ये खटका लागेपर्यंत दाबा. मॉनिटरची केबल मदरबोर्डवर नव्हे, कार्डावरच लावा. 'नवे कार्ड चालतच नाही' या तक्रारीत आम्ही पहिल्यांदा हेच तपासतो. शेवटी जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेससमोरचे प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी चालवा. ६६०० किंवा ४०६० ला तिथे एक्स८ (म्हणजे ८ लेन) दिसले पाहिजे. एक्स४ किंवा एक्स१ दिसले तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेले नाही. वीज बंद करून पुन्हा बसवा.