खाडा पडला म्हणून सवय मोडत नाही

चांगली सवय 21 दिवसांत लागते हे आपण इतक्यांदा ऐकलेले असते, की बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणे जिवावर आले तर माणूस स्वतःला आळशी ठरवून प्रयत्नच सोडून देतो. हा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात, असे निरीक्षण मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये मांडले होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे गळून पडला.

सवय लागायला खरोखर किती काळ लागतो, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिले. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी कृती रोज ठरलेल्या प्रसंगीच करायची आणि ती किती आपोआप घडते हे 12 आठवडे नोंदवायचे, असे काम त्यांनी 96 जणांना दिले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांच्या नोंदींचा आलेख नीट जमला त्यांच्या बाबतीत, कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक काळ 66 दिवस निघाला. मात्र व्यक्तीनुसार तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत असू शकेल, असा अंदाज होता. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला जास्त दिवस लागले. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा आणखी एक निष्कर्ष: मध्येच एखाद्या दिवसाचा खाडा पडला, तरी सवय लागण्याच्या गतीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

अंगवळणी पडते म्हणजे नेमके काय होते, हे अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत दिसले. इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या वाटेवरून उंदीर पहिल्यांदा धावतो, तेव्हा मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायेटममधल्या चेतापेशी धावेच्या सगळ्या टप्प्यांवर सक्रिय असतात. सराव झाल्यावर मात्र या पेशी मुख्यतः धावेच्या सुरुवातीला आणि शेवटी सक्रिय होतात. मधली सारी धाव जणू एका गाठोड्यात बांधली जाते आणि सुरुवातीची खूण मिळताच ते गाठोडे आपसूक सुटते.

शिस्तीचा विचार म्हणूनच मनोनिग्रहापेक्षा या खुणेपासून सुरू करावा. ‘अमुक झाले की तमुक करेन’ अशा नेमक्या संकल्पांवरील 94 चाचण्यांचा आढावा पीटर गोल्विट्झर व पास्कल शीरन यांनी 2006 मध्ये घेतला, तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा असे संकल्प अधिक तडीस जातात हे स्पष्ट झाले. ‘रोज वाचेन’ याला खूण नाही. ‘रात्री दात घासून झाले की उशीजवळचे पुस्तक उघडून दोन पाने वाचेन’ याला आहे, आणि आदल्या रात्री वाचन राहिले असले तरी आज दात घासले जाणारच असतात. घर बदलले की मात्र अशा कितीतरी खुणा एकदम नाहीशा होतात. तेव्हा नव्या घरात पुस्तक कोठे ठेवायचे, हे पहिल्याच रात्री ठरवून टाकावे.