डेटा-वकिलीची पार्श्वभूमी : खरक सिंगच्या दारापासून ‘हॅश’पर्यंत

डेटाच्या खासगीपणाचे खटले लढवणारा वकील अशी स्वतंत्र ओळख भारतातल्या न्यायालयांत जेमतेम दहा वर्षांची आहे. त्याआधी हे काम होत नव्हते असे नाही. ते फौजदारी वकिलाकडे टेपच्या पुराव्यावरच्या हरकतीतून, दिवाणी वकिलाकडे बँकेशी झालेल्या तंट्यातून आणि रिट याचिका चालवणाऱ्याकडे पोलिसांच्या जाचाविरुद्धच्या तक्रारीतून येत असे. त्यामुळे या पेशाची मुळे शोधायची तर संगणकाच्या आधीच्या काळात, झडती, लाच, विमा आणि निवडणूक यांच्या प्रकरणांत शोधावी लागतात.

पहिली पोकळी राज्यघटना घडतानाच राहिली. १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सादर केलेल्या निवेदनात माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारे कलम होते. मुंबईचे वकील कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यातही घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता यांचा उल्लेख होता. पोलिसांच्या तपासात अशा हक्कांचा अडथळा होईल, या आक्षेपापुढे ही कलमे टिकली नाहीत. मसुद्यातून गळलेल्या या ओळी पुढे सत्तर वर्षे सरकारी वकिलांच्या उपयोगी पडल्या. घटनाकारांनी जे जाणूनबुजून वगळले ते न्यायालयाने मागच्या दाराने आत आणू नये, हा तो युक्तिवाद.

१९५४ मध्ये दालमिया समूहाच्या कंपन्यांवरील झडत्यांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांच्या पीठाने एम. पी. शर्मा प्रकरणात हा युक्तिवाद जवळपास मान्यच केला. पण वकिलांच्या मनात खरे घर केले ते १९६२ च्या खरक सिंग प्रकरणाने. उत्तर प्रदेशातल्या या माणसावर १९४१ मध्ये दरोड्याचा आरोप आला आणि पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांच्या दफ्तरी त्याच्या नावाचा इतिहासपट उघडला गेला. त्यानंतर गावचा चौकीदार आणि कधी कधी शिपाई रात्री त्याच्या घरी येत, दार ठोठावत, आरडाओरड करून त्याला झोपेतून उठवत, आणि तो बाहेरगावी निघाला तर कुठे चाललास, कधी परतणार याची नोंद घेत. न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, परंतु पाळत कायम ठेवली आणि खासगीपणा हा घटनेने हमी दिलेला हक्क नाही असेही नमूद केले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचे भिन्नमत तेव्हा अल्पमतात गेले. एका व्यक्तीच्या हालचालींची अशी टिपणे ठेवणे म्हणजे आजच्या भाषेत डेटा गोळा करणेच होय. साधन मात्र चौकीदाराची वही हे होते.

मुंबईने या इतिहासात घातलेली भर टेपरेकॉर्डरची आहे. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ पाहणाऱ्याचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले होते. मायक्रोफोन पुस्तकांच्या मागे दडवला होता आणि पोलीस दुसऱ्या खोलीत बसले होते. त्यानंतरचे आर. एम. मलकानी प्रकरण अधिक गाजले. मुंबईच्या या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता, आणि १९६४ मध्ये पोलिसांनी डॉक्टरच्या घरच्या दूरध्वनीला यंत्र जोडून त्याचे बोलणे टिपले होते. १९७२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की निरपराध नागरिकाच्या संभाषणाला संरक्षण मिळेल, अपराध्याला नव्हे. निरपराध कोण हे खटला संपल्यावरच कळते, ही अडचण त्या वाक्याने सोडवलेली नाही. पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो विश्वासार्ह आहे का, याकडे न्यायालय पाहते, हा धडा मात्र मुंबईच्या फौजदारी वकिलांनी या दोन निकालांतून पक्का केला, आणि आजही मोबाइलमधल्या संदेशांवर युक्तिवाद करताना तिथूनच सुरुवात करावी लागते.

पुढच्या दोन दशकांत हक्क हप्त्याहप्त्याने आला. १९७५ च्या गोविंद प्रकरणात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी तो जपून, गृहीत धरल्यासारखा मान्य केला. १९९० मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या प्रकरणात, स्त्रीच्या चारित्र्याबद्दल काहीही म्हटले जात असले तरी तिच्या घरात मनाला येईल तेव्हा घुसण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्यानंतर वर्षभराने आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीचा अर्ज न्यायालयासमोर आला. त्यात उमेदवार स्त्रीला मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची पाळी कधी आली, गर्भधारणा किती झाल्या, असे प्रश्न होते, आणि न्यायालयाने ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. माझ्या मते आपल्याकडचे डेटा संकलनाविरुद्धचे पहिले खरे प्रकरण हेच, कारण वाद झडतीचा किंवा पाळतीचा नव्हता, छापील अर्जात काय विचारावे याचा होता.

पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरील १९९६ च्या निकालाने दूरध्वनी टॅपिंगला शिस्त लावली : आदेश गृहसचिवाच्या पातळीवरचा हवा, तो दोन महिन्यांचा, एकंदर मर्यादा सहा महिन्यांची, आणि वर पुनर्विलोकन समिती. या शिस्तीचा वकिलाला उपयोग व्हायला तेवीस वर्षे लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाच प्रकरणातील टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि मुद्रित संभाषणांच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले. ‘पुरावा कसाही मिळवा’ या मलकानीच्या शहरातच हा निकाल लागला.

दरम्यान पैशाचे खटले वेगळ्याच दारातून आत आले होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये आला आणि २००९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यात कलम ४३अ घातले : संवेदनशील माहितीची वाजवी काळजी न घेणाऱ्या कंपनीने नुकसानभरपाई द्यावी. पाच कोटी रुपयांपर्यंतचे असे दावे दिवाणी न्यायालयात नव्हे, तर न्यायनिर्णय अधिकारी म्हणून काम पाहणाऱ्या राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवापुढे चालतात. महाराष्ट्रात राजेश अग्रवाल या पदावर असताना फसव्या ई-मेलने खाती रिकामी झालेल्या ग्राहकांच्या अनेक तक्रारी मंत्रालयात निकाली निघाल्या. २०१३ मध्ये पुण्याच्या एका कारखान्याच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेल्याच्या तक्रारीवर त्यांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. अपिलाची वाट मात्र बंद होती : सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०११ पासून रिकामे होते आणि २०१७ मध्ये ते न्यायाधिकरण दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन झाले. त्या सहा वर्षांत या कामात शिरलेल्या तरुण वकिलाला जिंकलेल्या आदेशाचे पुढे काय होणार, हे अशिलाला सांगता येत नसे.

या वकिलाचा रोजचा दिवस मोठ्या हक्कांपेक्षा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडाव्या लागणाऱ्या एका प्रमाणपत्राभोवती फिरतो, आणि त्याचा मुख्य निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, आणि त्यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतला गेला हे दाखवण्यासाठी कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रफिती पुढे केल्या. त्यासोबतचे, तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले, पण ज्याने ते मिळवण्याची सारी खटपट केली आणि यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच नकार दिला, त्या पक्षकाराला सूट दिली. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची ‘हॅश’ किंमत, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेली ओळखखूण, लिहावी लागते आणि ती कोणत्या पद्धतीने काढली त्या चौकटीत खूण करावी लागते. एसएचए-२५६ वापरले तर ही किंमत चौसष्ट अक्षर-अंकांची असते. त्यातले एकही अक्षर नकलताना चुकले तर उलटतपासणीत समोरच्याला वेगळे काही विचारावे लागत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या या निवृत्त न्यायाधीशांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली, आणि केंद्राने २०१५ मध्ये एम. पी. शर्मा व खरक सिंग पुढे करून हा हक्कच अस्तित्वात नाही असे म्हटले. आठ न्यायाधीशांचा निकाल फिरवायला नऊ हवेत, म्हणून नऊ बसले. महाराष्ट्र शासन या सुनावणीत हक्काच्या विरोधात उभे होते. त्यांचे ज्येष्ठ वकील सी. ए. सुंदरम यांनी घटना समितीने खासगीपणा वगळल्याचाच मुद्दा मांडला. निकाल मात्र एकमताने हक्काच्या बाजूने लागला. पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तर एडीएम जबलपूर प्रकरणातला, आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही हा, आपल्या वडिलांचा, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचा, निष्कर्ष चुकीचा ठरवला. पुढे आधारची सुनावणी अडतीस दिवस चालली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये योजना चार विरुद्ध एक मतांनी टिकली, तरी खासगी कंपन्यांना आधार मागू देणारी तरतूद गेली.

त्यानंतर ‘डेटा प्रायव्हसी’ ही पाटी वकिलांच्या दारांवर दिसू लागली, पण तिच्याखालचे काम आता बदलते आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, तो ठरवणारे मंडळ डिजिटल कार्यालय म्हणून चालणार आहे, अपील दूरसंचार न्यायाधिकरणाकडे आहे आणि दिवाणी न्यायालयाचा अधिकार वगळला आहे. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. ज्याची माहिती फुटली त्याच्या वाट्याला काही येत नाही, उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्यास त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुकसानभरपाई देणारे कलम ४३अ याच कायद्याने रद्द होणार आहे, नियमांनंतर अठरा महिन्यांनी. त्यामुळे ज्या वकिलाला कंपन्यांची बाजू न घेता खातेदाराची बाजू लढवायची आहे, त्याच्याकडे भरपाईचा दावा दाखल करण्यासाठी मंत्रालयातले ते दार २०२७ च्या मध्यापर्यंतच उघडे आहे. त्यापुढे उच्च न्यायालयातली रिट याचिका उरते, आणि ती प्रामुख्याने शासनाविरुद्ध चालते.