गाणाऱ्या काउबॉयांची नाताळगीते : पार्श्वभूमी

काउबॉय आणि नाताळ यांचे नाते जुने आहे. टेक्सासमधील ॲन्सन या गावी भरलेल्या नाताळच्या नाचावर लॅरी चिटेंडन यांनी रचलेली कविता १८९० मध्ये तिथल्याच वृत्तपत्रात छापून आली, पुढे ती गायलीही जाऊ लागली आणि १९३४ पासून तो नाच गावकऱ्यांनी दरवर्षी जुन्या रीतीने पुन्हा सुरू केला. परंतु अमेरिकेत आजही डिसेंबर लागला की जी ध्वनिमुद्रणे कानावर पडतात, त्यांचा या कुरणावरच्या परंपरेशी फारसा संबंध नाही. ती दुकानदारांची मिरवणूक, जाहिरातीची पुस्तिका आणि चित्रपटगृहातले बालप्रेक्षक यांच्या संयोगातून आली आणि त्यांच्या केंद्रस्थानी एकच माणूस होता : जीन ऑट्री.

१९०७ मध्ये टेक्सासात जन्मलेल्या ऑट्रींनी रेल्वेत तारमास्तर म्हणून काम करता करता गाण्याकडे मोर्चा वळवला. शिकागोच्या डब्ल्यूएलएस नभोवाणी केंद्राने त्यांना नाव मिळवून दिले. हे केंद्र मुळात सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने काढलेले. ऑट्रींच्या नावाची गिटारही तिच्याच सूचिपत्रातून विकली जात असे. १९३५ पासून रिपब्लिक कंपनीच्या कमी खर्चाच्या चित्रपटांनी घोड्यावर बसून गाणारा नायक रूढ केला आणि या चित्रपटांचा सर्वांत निष्ठावंत प्रेक्षक म्हणजे शनिवारच्या खेळाला गर्दी करणारी लहान मुले. पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ या प्रेक्षकवर्गात आहे.

हॉलिवुड बुलेव्हार या रस्त्यावरील व्यापाऱ्यांनी गिऱ्हाईक खेचण्यासाठी १९२८ पासून सणाच्या दिवसांत त्याला ‘सांताक्लॉज लेन’ असे नाव देऊन मिरवणूक काढण्याचा प्रघात पाडला होता. १९४६ च्या मिरवणुकीत ऑट्री आपल्या चॅम्पियन घोड्यावर सांताक्लॉजच्या पुढे चालले होते. मुलांच्या आरोळ्या मात्र मागून येणाऱ्या सांतासाठी होत्या. लोकप्रिय नटाने हे मनाला लावून घेतले असते तरी कोणी नवल केले नसते. ऑट्रींनी त्या आरोळीतच गाण्याचे शीर्षक हेरले. ओकली हॉल्डमन यांच्यासह रचलेले ‘हिअर कम्स सांताक्लॉज’ १९४७ मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तबकडीवर आले. गाण्यात सांता ज्या रस्त्याने येतो तो बर्फाळ खेड्यातला नसून हॉलिवुडमधला, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. त्याच्या कच्च्या ध्वनिमुद्रणात जॉनी बाँड यांनी बर्फाचे खडे किणकिणवून घुंगरांचा भास निर्माण केला होता, असे सांगितले जाते.

‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ या गाण्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. माँटगोमेरी वॉर्ड ही सीअर्सची शिकागोतीलच प्रतिस्पर्धी कंपनी. नाताळात दुकानात येणाऱ्या मुलांना फुकट वाटण्यासाठी तिने १९३९ मध्ये आपल्याच जाहिरात विभागातील रॉबर्ट मे यांच्याकडून रुडॉल्फ नावाच्या लाल नाकाच्या रेनडिअरची पद्यकथा लिहून घेतली. पत्नी कर्करोगाने अंथरुणाला खिळलेली असताना मे यांनी लेखनाला हात घातला. त्याच वर्षी जुलैत त्या वारल्या. पहिल्या मोसमात सुमारे २४ लाख पुस्तिका वाटल्या गेल्या, पण हक्क कंपनीचे असल्याने डॉक्टरांच्या बिलांखाली दबलेल्या मे यांच्या हाती त्यातून काही पडले नाही. १९४७ मध्ये कंपनीने हक्क त्यांना देऊन टाकले, आणि व्यापारी व्यवहारात असा उदारपणा विरळाच म्हणावा लागेल. मे यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी १९४९ मध्ये त्या कथेवरून गाणे केले.

ऑट्रींना ते गाणे सुरुवातीला पसंत नव्हते. पत्नी आयना यांनी आग्रह धरला, म्हणून १९४९ च्या जूनमध्ये, ऐन उन्हाळ्यात, त्यांनी ते पिनफोर्स या गायिकांच्या साथीने ध्वनिमुद्रित केले. सीअर्सच्या छायेत वाढलेल्या गायकाने प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीतला प्राणी अजरामर करावा, यातली गंमत न्यारीच. जानेवारी १९५० च्या पहिल्या आठवड्यात गाणे बिलबोर्ड या संगीतविषयक साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल ठरले आणि सण सरल्यामुळे पुढच्याच आठवड्यात यादीतून पार नाहीसे झाले. नाताळगीताचा धंदा किती मोसमी असतो, याचा इतका रोकडा पुरावा दुसरा सापडणे कठीण.

मग साचा ठरून गेला. स्टीव्ह नेल्सन आणि जॅक रोलिन्स यांचे ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’ ऑट्रींनी १९५० मध्ये कॅस काउंटी बॉइजच्या साथीने गायले, आणि याच जोडीचे ईस्टरच्या सशाचे गाणेही त्याच वर्षी त्यांच्याच आवाजात निघाले. टेक्स रिटर यांच्यासारख्या इतर गाणाऱ्या काउबॉय नटांनी गोठ्याच्या कुंपणापाशी रंगणाऱ्या नाताळाची चित्रे गाण्यात आणली, परंतु बालश्रोत्यांवरील ऑट्रींच्या पकडीपुढे ती मागे पडली. असेच दुसरे गाणारे काउबॉय नट रॉय रॉजर्स यांच्या १९५० च्या ‘ट्रेल ऑफ रॉबिनहुड’ चित्रपटाचे कथानक तर नाताळवृक्षांच्या विक्रीभोवतीच फिरते.

तोवर या चित्रपटांचे दिवस भरत आले होते. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचली, ऑट्रींचा शेवटचा काउबॉयपट १९५३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षभरात ही चित्रपटधाराच आटली. रॉय रॉजर्स आणि डेल एव्हान्स या दांपत्याची नाताळगीतांची ध्वनिमुद्रिका कॅपिटॉलने १९६७ मध्ये काढली, तेव्हा पडद्यावर गाणारा काउबॉय उरलेला नव्हता. तबकडीवरच्या काउबॉयाला मात्र दर डिसेंबरला मागणी होती.