एफपीएस कमी असणं वेगळं, गचके बसणं वेगळं

"नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी गेम लॅग होतोय." यातला 'लॅग' शब्द आधी बाजूला काढू. लॅग हा इंटरनेटचा, सर्व्हरशी बोलायला लागणाऱ्या वेळेचा विषय आहे. कमी एफपीएसही (एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम, म्हणजेच चित्रं) सगळ्यांना माहीत आहे: गेम सतत जड चालतो, ग्राफिक्स कार्ड ९८-९९ टक्के वापरात दिसतं, रेझोल्यूशन उतरवलं की लगेच हलका होतो. सेटिंग कमी करा किंवा डीएलएसएस, एफएसआर (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयी) लावा, विषय संपला.

घोळ होतो तो गचक्यांचा. एफपीएस दाखवणाऱ्या काउंटरवर आकडा शंभरच्या वर, आणि तरी गेममध्ये मान वळवताना चित्र क्षणभर गोठतं. याला 'एफपीएस ड्रॉप' म्हणायचं आणि सगळं 'लो'वर नेऊन ठेवायचं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येतो. गचके बहुतेकदा तसेच राहतात, वर गेम कुरूप दिसायला लागतो.

काउंटर सरासरी सांगतो, हे यामागचं कारण. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद, असं आपण गृहीत धरतो. पण ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि साठाव्या फ्रेमने ४१० घेतले, तरी त्या सेकंदाचा हिशोब ६०च भरतो. खेळणाऱ्याला मात्र जवळजवळ अर्धा सेकंद सगळं थांबलेलं दिसतं. स्कॉट वॉसन यांनी 'टेक रिपोर्ट' या हार्डवेअर तपासणाऱ्या वेबसाइटवर २०११ सालीच हे मांडलं आणि प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजून कार्डं तपासायला सुरुवात केली. तरी आजही मदत मागताना लोक काउंटरचाच फोटो टाकतात.

आफ्टरबर्नर आणि रिव्हाट्यूनर हे प्रोग्रॅम लावून फ्रेमटाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख पडद्यावर आणा. रेष सपाट पण उंचावर असेल, तर एफपीएस कमी आहे. रेष खाली आहे पण मध्येच सुळके उठतात, तर गचके. मग सुळका नेमका कधी उठतो, एवढंच शोधायचं.

नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर किंवा एखादा स्फोट पहिल्यांदा दिसल्यावर उठत असेल, तर बहुधा शेडर (प्रकाश, रंग, परिणाम कसे काढायचे हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात. कार्ड किंवा ड्रायव्हर बदलला की जुने साठवलेले शेडर बाद होतात आणि ते काम पुन्हा करावं लागतं. डीएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली डायरेक्टएक्स १२) वर चालणाऱ्या, अनरील इंजिन या सॉफ्टवेअरवर बनवलेल्या गेममध्ये हे खूप जाणवतं. तोच रस्ता दुसऱ्यांदा चालून बघा. गचका नाहीसा झाला, तर पीसी ठणठणीत आहे. कृपा करून अशा वेळी कुणाला 'विंडोज फॉरमॅट कर' सांगू नका.

अर्ध्या तासाने सुरू होत असेल, तर तापमान बघा आणि कार्डाची मेमरी भरतेय का ते बघा. ८ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) एक पायरी उतरवा. फक्त टेक्स्चर, बाकी सेटिंगना हात लावायची गरज नाही.

गर्दीच्या शहरात उठत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम. नवीन रॅम घेतली असेल तर इथेच थांबा, कारण एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, आपण स्वतः चालू करावं लागतं. नाहीतर ६००० च्या वेगाची डीडीआर५ रॅम बहुधा ४८०० वर चालत राहते. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन काड्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरशी जोडणाऱ्या एकाच वाटेवर, बसतात.

आणि गेम बंद असताना साधा व्हिडिओही मध्येच अडखळत असेल, तर गेमला दोष देऊ नका. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या काही मशीनवर एफटीपीएममुळे (सुरक्षेची कामं सांभाळणारा फर्मवेअरचा भाग) असं होतं, हे एएमडीने २०२२ मध्ये मान्य केलं. त्यावर उपाय बायोस अपडेट हाच होता.

माझ्या मशीनवर मी एफपीएसला मर्यादा घालूनच खेळतो. ९० आणि १४० च्या मध्ये उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा ८० वर बांधलेला गेम मला केव्हाही चालेल.