‘लॉक काढून रंगव’ म्हणजे नेमकं काय काढायचं?

फोंड्याच्या एका गॅरेजात वडिलांची जुनी फियाट रंगवायला दिली, तेव्हा पेंटरला मी एवढंच सांगितलं होतं: ‘लॉक काढून रंगव.’ गाडी आणायला गेलो तर दरवाजाच्या कडेचं लॅच काढून परत बसवलेलं. बाहेर चावीच्या भोकाला मात्र टेप मारून तसाच रंग ओढलेला. सांगितलं ते त्याने केलंच होतं, त्याच्या लेखी लॉक म्हणजे लॅच. दुसऱ्या पावसाळ्यात टेपच्या रेषेवर बरोबर फोड आले आणि खरवडून पाहिलं तर खाली पत्रा तांबडा झालेला.

आपण दोन्हींना ‘लॉक’च म्हणतो. चावी जिच्यात फिरते ती छोटी नळी म्हणजे बॅरल. ते दरवाजाच्या बाहेरच्या पत्र्यात असतं, काही जुन्या गाड्यांत हँडलच्या बटणातच असतं. दरवाजा लावताना खट्‌ आवाज करून खांबावरच्या स्ट्रायकरला, म्हणजे तिथल्या अडकवायच्या कडीला, पकडतं ते लॅच. ते दरवाजाच्या मागच्या कडेला, आतून बसवलेलं. दोघांना जोडते एक बारीक सळी, एवढाच त्यांचा संबंध.

रंगाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते बॅरल. रंग त्याच्या कडेवरून पत्र्यावर सलग बसला की चावी फिरवताना ती कड तडकते. आपल्याकडे गोवा-कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, त्यात किनाऱ्याची खारट हवा, मग त्या तड्यातून पाणी आत शिरायला कितीसा वेळ लागणार? शिवाय फवाऱ्याचा रंग चावीच्या भोकात गेला तर आतल्या पितळी पट्ट्या चिकटतात. टेपने हे निम्मंच टळतं, कारण बॅरलखालच्या रबराआड दडलेला जुना गंज टेप मारून दिसत नाही.

काढायचं कसं? आधी काच पूर्ण वर घ्या. मग काच फिरवायचा दांडा आणि आतलं हँडल काढा. कुठे स्क्रू असतो, कुठे चकती दाबली की मागे पिन दिसते, कुठे मागे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. जोर लावण्यापूर्वी टॉर्च मारून बघा. मग डोअर पॅड, म्हणजे दरवाजाचं आतलं आवरण, आणि त्यामागचा प्लास्टिकचा कागद. तो फाडू नका, काचेवरून आत उतरणारं पाणी पॅडपासून दूर ठेवायचं काम त्याचं आहे. आता हात आत घालून चाचपा. बॅरल सहसा पत्र्यामागे अशाच नालेच्या आकाराच्या स्प्रिंगच्या क्लिपने धरलेलं असतं. क्लिप बाजूला सरकवण्याआधी तिला दोरा बांधा, दरवाजाच्या तळात पडली तर अर्धा दिवस जातो. सळी सोडवण्यापूर्वी फोटो काढा. डाव्या-उजव्या दरवाजाचे भाग वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून ठेवा. बॅरलमागचे दांडे बहुतेक गाड्यांत एकमेकांचे उलटे असतात. चावी हँडलमध्येच असेल तर हँडल सबंध बाहेर घ्यावं लागतं, तेही आतूनच सुटतं.

लॅचचं काय? रंग तोच ठेवणार असाल तर माझ्या मते त्याला हात लावू नये, झाकून घेतलं की पुरे. रंग बदलणार असाल तर दरवाजाची कडही रंगवायची असते, तेव्हा ते काढा. त्याचे कडेवरचे तीन-चार स्क्रू वर्षानुवर्षे जाम झालेले असतात. आदल्या रात्री तेल सोडा आणि हातोडीने ठोकला की फिरणारा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर वापरा, नाहीतर डोकी झिजतात. स्ट्रायकरही काढत असाल तर आधी त्याच्या कडेने रेघ मारून ठेवा. तो दोन मिलिमीटर जरी सरकला तरी दरवाजा खडखडतो.

वंगणातही दोघांची गल्लत होते. लॅचला ग्रीस हवं. बॅरलमध्ये ग्रीस घातलं की धूळ धरतं, तिथे कोरडी ग्रॅफाइट पूड चांगली.

परत बसवताना बॅरलच्या भोकाची कड नीट बघा. आतल्या बाजूलाही प्रायमर लागलेला हवा आणि जुन्या रबराच्या जागी नवं हवं. रंग पुरता वाळेपर्यंत थांबा. भोक घट्ट वाटलं म्हणून कानस मारलीत तर पत्रा पुन्हा उघडा पडतो, त्यापेक्षा साचलेला रंग बारीक पॉलिश पेपरने हलका घासा. आमची फियाट मी शेवटी पुन्हा रंगवून घेतली, दिवाळीनंतर, हवा कोरडी असताना. या वेळी बॅरल मी स्वतः काढलं आणि पिशवीत घालून घरी आणलं.

सगळं जोडून झालं की दरवाजा लगेच लावू नका. तो उघडा ठेवूनच स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने लॅच बंद करा, चावी फिरवून बघा, आतलं आणि बाहेरचं हँडल ओढून ते सुटतंय का बघा. सळी चुकीची बसली असेल आणि दरवाजा लागला, तर नव्या रंगाच्या दरवाजातून आत शिरायला वाट उरत नाही.