पुस्तकांची पेटी गावात आली तेव्हा

स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन परगण्यात सॅम्युएल ब्राउन नावाचे एक व्यापारी होते. १८१७ साली त्यांनी पन्नास-पन्नास पुस्तकांचे चार संच केले आणि चार ठिकाणी ठेवले. दोन वर्षं झाली की एका गावचा संच उचलायचा आणि दुसऱ्या गावी न्यायचा. प्रत्येक खेड्यात मोठं ग्रंथालय उभारणं कोणालाच परवडणारं नव्हतं. पण पुस्तकं फिरती ठेवली तर थोडक्या पैशांत गावाला पुन्हा नवं वाचायला मिळे. खेडोपाडी वाचन पोचवण्याच्या पुढच्या बहुतेक खटपटी याच साध्या हिशेबावर चालल्या. ब्राउन यांच्या संचांत धार्मिक आणि नीतिपर पुस्तकांचा भरणा होता. वाचकाला काय आवडेल यापेक्षा त्याने काय वाचावं, याची काळजी त्यात जास्त दिसते. १८३९ मध्ये ते वारले आणि योजना हळूहळू मागे पडली. एकाच माणसाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या वाचनालयाचं पुढे काय होतं, हे ज्यांनी असं काम केलं आहे त्यांना सांगायला नको.

१८९३ मध्ये न्यूयॉर्क राज्याने शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या लहान गावांकडे पाठवायला सुरुवात केली. मेरीलँडमधल्या ग्रंथपाल मेरी टिटकम यांनीही दुकानांत आणि टपाल कार्यालयांत पुस्तकांच्या पेट्या ठेवून पाहिल्या. पण लांबच्या शेतावर राहणारी बाई त्या दुकानापर्यंत तरी कधी येणार? म्हणून १९०५ साली त्यांनी दोन बाजूंना पुस्तकांच्या फळ्या असलेली घोडागाडी शेतांच्या दारापर्यंत नेली. गाडीचा काळपट रंग पाहून काही जणांना ती प्रेतं नेणारी गाडी वाटली, तेव्हा चाकं लाल रंगवून घेतली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. दारात येणाऱ्या पुस्तकालाही आधी ओळख पटवून द्यावी लागते.

बडोद्याचा प्रयत्न या सगळ्यांत अधिक विचारपूर्वक झालेला आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मात्र शाळा सुटल्यावर वाचायला काहीच मिळालं नाही तर शिकलेली अक्षरंही विसरली जातात, ही अडचण उभी होती. त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेतले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं उभारलं. गावाने वर्गणी जमवायची आणि सरकारने व पंचायतीने त्यात भर घालायची, अशी रीत ठरली. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या संस्थानाच्या खर्चाने गावोगाव जात. वर्गणीच्या अटीत मोठं शहाणपण होतं. ज्या कपाटात आपलेही पैसे आहेत, ते कपाट गाव सांभाळतं.

गाव पुस्तकं घेतं, तसं त्यांत स्वतःचं काही घालतंही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत सापडतं. महामंदीच्या काळात, १९३५ पासून, सरकारी रोजगार योजनेतून घोड्यांवर आणि खेचरांवर बसून बाया पुस्तकं वाटायला निघाल्या. रस्ते नव्हतेच, ओढ्यांच्या पात्रांतून जनावर हाकावं लागे. पगार महिन्याला २८ डॉलर. योजनेच्या पैशांतून पगार भागत, पुस्तकं मात्र विकत घेता येत नसत. त्यामुळे लोकांनी दिलेली फाटकी पुस्तकं आणि जुनी मासिकं हाच साठा. पानं सुटून आलेली पुस्तकं टाकून देणं परवडत नव्हतं, म्हणून त्यातलं उपयोगाचं कापून वह्यांत चिकटवलं जाऊ लागलं. या कात्रणवह्यांत हळूहळू डोंगरातल्या बायकांनी स्वतःच्या पाककृती आणि गोधड्यांचे नमुने द्यायला सुरुवात केली. एका खोऱ्यातल्या बाईने काढलेला नमुना घोड्याच्या पाठीवरून दुसऱ्या खोऱ्यात पोचे, आणि जिला तो मिळे तिने त्या बाईला कधी पाहिलेलंही नसे. जे वाचू शकत नव्हते त्यांना या बाया स्वतः वाचून दाखवत. १९४३ मध्ये योजना बंद झाली. त्यानंतर कित्येक वर्षं, पुस्तकांच्या मोटारी सुरू होईपर्यंत, ती खोरी पुन्हा पुस्तकांवाचून राहिली. मन हेलावतं ते इथे. वाचनाची गोडी लावून मग ती तोडणं हे मुळात पुस्तकच न पोचण्यापेक्षा कठोर आहे.

तामिळनाडूत मन्नारगुडीजवळ १९३१ साली पुस्तकांची बैलगाडी निघाली. केनियात १९९६ पासून उंट पुस्तकं वाहतात, कोलंबियात एका शिक्षकाने दोन गाढवांवर वाचनालय चालवलं. वाहन बदलत गेलं इतकंच.

केरळचं वेगळेपण टिकाऊपणात आहे. पी. एन. पणिक्कर या शिक्षकाने १९४५ साली त्रावणकोरमधली ४७ वाचनालयं एका संघात गुंफली आणि ‘वाचून वाढा’ असं सांगत गावं पालथी घातली. तिथल्या कित्येक वाचनालयांना कलामंडळ जोडलेलं असतं. वाचनाची खोली आणि नाटकाची तालीम एकाच छपराखाली नांदतात. १९८९ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावला, तेव्हापासून या वाचनालयांना कराच्या पैशांचा आधार मिळाला.