धावपट्टीच्या वाटेवर विमान कोणाचे ऐकते?

28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानातील किशनगड विमानतळावर इंडिगोचे एक एटीआर विमान उतरले. उतरण्याचा मार्ग त्याला धावपट्टीलगतच्या रेडिओ यंत्रणेने नव्हे, तर जीपीएसच्या संदेशांतील चुका दुरुस्त करणाऱ्या ‘गगन’ या भारतीय उपग्रहाधारित प्रणालीने दाखवला होता. आशिया-प्रशांत क्षेत्रात असे प्रथमच घडत होते. धावपट्टीजवळ बसवलेली आयएलएस ही रेडिओ यंत्रणा दशकानुदशके हे काम चोख करत आली आहे. परंतु ती धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला स्वतंत्रपणे बसवावी व सांभाळावी लागते, आणि लहान विमानतळांना तो खर्च पेलत नाही.

उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात प्रवासी जेट विमानाचा वेग ताशी सुमारे 260 किलोमीटर असतो. म्हणजे दर सेकंदाला ते 72 मीटर पुढे सरकते आणि 3 अंशांच्या उतारावरून जवळजवळ पावणेचार मीटर खाली येते. या वेळी उंचीतली चूक सर्वांत धोक्याची असते आणि नेमकी तिथेच जीपीएसची बाजू लंगडी पडते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह विमानाच्या चहूबाजूंना विखुरलेले असल्यामुळे आडव्या दिशेतील चुका बऱ्याच अंशी परस्परांना छेद देतात. विमानाच्या खाली मात्र पृथ्वी असते, तिथून कोणताही उपग्रह दिसत नाही, त्यामुळे उभ्या दिशेतील चुकीला तोलणारे दुसऱ्या बाजूचे मोजमापच मिळत नाही.

भारतासाठी अडचण आणखी बिकट आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते, आणि त्याच्या उत्तरेला, अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात, आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील, इलेक्ट्रॉनांची दाटी जगातील सर्वाधिक दाटींपैकी एक असते. या थरातून येताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो आणि सूर्यास्तानंतर तर ही दाटी झपाट्याने बदलते. म्हणून ‘गगन’ची देशभरातील 15 संदर्भ केंद्रे हा विलंब अखंड मोजतात आणि दुरुस्तीचे आकडे जीसॅट मालिकेतील भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या, उपग्रहांमार्फत विमानांकडे पोहोचवतात. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेल्या या प्रणालीला उभ्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठीचे प्रमाणपत्र 2015 मध्ये मिळाले.

या प्रमाणपत्राचे खरे मोल अचूकतेपेक्षा हमीत आहे, असे मला वाटते. उंचीतील चूक ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे जावी आणि वैमानिकाला वेळेत इशाराही मिळू नये, अशी शक्यता अशा प्रणालीत एक कोटी अवतरणांमागे दोनपेक्षा अधिक चालत नाही.

विमान कुठे आहे हे सांगणारा उपग्रह हा एक साक्षीदार झाला; आता दुसऱ्याकडे वळू. मोठ्या जेट विमानांत जडत्वावर चालणारी एक बंदिस्त यंत्रणा असते, जी बाहेरून कोणताही संदेश घेत नाही. डोळे मिटून बसमध्ये बसलेल्या प्रवाशाला गचका आणि वळण अंगावरच कळते, तसे तिच्यातील तीन त्वरणमापक वेगातील बदल आणि तीन लेझर जायरोस्कोप वळण टिपतात. उड्डाणापूर्वी विमान उभे असताना हे जायरोस्कोप पृथ्वीचे ताशी 15 अंशांचे परिवलन मोजून उत्तर दिशा स्वतःच शोधून काढतात. ते विमान त्या वेळी जराही हलता कामा नये.

त्वरणाची दोनदा बेरीज केली की अंतर मिळते आणि खोट आहे ती याच बेरजेत. त्वरणमापकात गुरुत्वत्वरणाच्या दहा लाख भागांपैकी 50 भाग इतकीच कायमची चूक असली, तर 10 सेकंदांत ती अडीच सेंटिमीटरची होते, 100 सेकंदांत अडीच मीटरची आणि सुमारे पाव तासात दोनशे मीटरची. उंचीच्या बाबतीत तर ही चूक स्वतःलाच खतपाणी घालत वाढत जाते, म्हणून तिथे हवेच्या दाबावरून मिळणाऱ्या उंचीचा टेकू द्यावाच लागतो.

दोघांचे दोष असे उलट स्वभावाचे आहेत. उपग्रहाचे मोजमाप क्षणोक्षणी थोडे थरथरते, पण तासन्‌तास भरकटत नाही. जडत्वाचे मोजमाप काही सेकंद अतिशय गुळगुळीत असते, पण हळूहळू सरकत जाते. रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलेली गणिती पद्धत या दोघांची सांगड घालते. जडत्वाच्या मोजणीवरून पुढच्या क्षणीचे स्थान आधी वर्तवायचे, उपग्रहाचे मोजमाप आले की दोहोंतील फरक काढायचा, आणि त्या क्षणी कोण किती भरवशाचे आहे त्या प्रमाणात तो फरक वाटून घ्यायचा. पद्धतीचे सौंदर्य असे की ती केवळ स्थान सुधारत नाही. त्वरणमापकाची आणि जायरोस्कोपची खोट किती आहे हेही ती उड्डाणभर शिकत राहते. त्यामुळे उतरताना उपग्रहांचे संदेश क्षणभर तुटले, तरी तोवर नीट पारखून घेतलेली जडत्व यंत्रणा विमानाची दिशा आणि गती सांभाळून धरते. मात्र संदेश लवकर परतले नाहीत, तर उपग्रहाधारित अवतरण चालू ठेवता येत नाही. वैमानिकाला विमान पुन्हा वर न्यावे लागते.

संदेश तुटला की निदान कळते तरी. खोटा संदेश आला तर? नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली विमानतळाच्या परिसरात उपग्रहाधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांना असे बनावट संदेश मिळाल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. स्थान एकदम काही किलोमीटर उडी मारत असेल, तर काल्मनच्या पद्धतीत वर्तवलेल्या आणि मोजलेल्या स्थानांतील फरकच तो संदेश नाकारायला पुरेसा ठरतो. बनावट संदेश हळूहळू सरकत गेला, तर मात्र तो खऱ्यात बेमालूम मिसळून जडत्वाच्या दुरुस्तीलाही दूषित करू शकतो. म्हणूनच अनेक विमानांत उपग्रहाचा स्पर्शही न झालेले, निव्वळ जडत्वावरचे स्थान वेगळे जपून ठेवलेले असते. आणि दिल्लीत त्या वेळी पारंपरिक जमिनीवरील यंत्रणा असलेल्या इतर धावपट्ट्यांवरील उड्डाणांवर परिणाम झाला नव्हता.